ताडपत्रीखालची रात्र

या सदराच्या वाचकांकडून अलीकडे जीं पत्रें येतात त्यांत एक प्रश्न वारंवार डोकावूं लागला आहे. घरांतील मुलगा, पुतण्या, क्वचित् मुलगीहि, सायकलीवरून चार दिवसांच्या प्रवासास निघूं म्हणते. हॉटेलांत उतरणार नाहीं, बरोबर एक ताडपत्री नेईन आणि सांज होईल तेथें ती बांधून निजेन, असें सांगते. आणि वडीलधारीं माणसें ‘हो’ म्हणावें कीं ‘नाहीं’ म्हणावें या विचारांत पडतात. अशा पत्रास उत्तर देणें सोपें नाहीं. ‘जाऊं द्या’ असें लिहिणारास कांहींच गमवावयाचें नसतें. जें गमवावयाचें असतें तें त्या घरास. म्हणून उपदेश बाजूस ठेवून, हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांत कसा उभा राहिला आणि कसा सुटला, तें या खेपेस सांगण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

आमचे धाकटे बंधु भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगर येथें राहतात. नागपुराहून पूर्वेस कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, भंडाऱ्याच्या थोडें अलीकडे हें नगर आहे. १९६४ सालीं येथें आयुध निर्माणीचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याच्या आसऱ्यानें कामगारांची वसाहत वाढली. आमच्या मातोश्री त्यांच्याकडेच असतात, त्यामुळें सणावारीं आमचें सारें कुटुंब तेथें जमतें. बंधूंचा थोरला मुलगा त्याच कारखान्यांत नोकरीस आहे.

२४ जानेवारी २०२५ रोजीं सकाळीं त्या कारखान्यांत स्फोट झाला आणि आठ कामगार प्राणांस मुकले. आमच्या पुतण्याची पाळी त्या दिवशीं दुपारची असल्यामुळें तो घरींच होता. परंतु त्या दिवसापासून घराचें वळणच बदललें. तो कामावरून परत येईपर्यंत मातोश्री ओसरीवरून हलेनाशा झाल्या. दहा मिनिटें उशीर झाला कीं वहिनी दाराशीं येऊन उभ्या राहूं लागल्या. तो स्वतः मात्र अबोल झाला. पाळी, घर, पुन्हां पाळी, एवढाच त्याचा परिघ उरला. आषाढांत आम्ही तेथें गेलों असतां एका संध्याकाळीं तो आपण होऊन जवळ येऊन बसला आणि म्हणाला, “काका, मला एकदां सायकल घेऊन बाहेर जायचें आहे. भिंतींच्या आंत झोंप लागत नाहीं. एक रात्र तरी उघड्यावर काढीन म्हणतों. तुम्ही आजीशीं बोला.”

आम्ही बोललों. मातोश्रींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच शब्द उच्चारला: “मण्यार.”

हा शब्द आमच्या घरांत कोणी सहसा काढीत नाहीं. मातोश्रींचे धाकटे बंधु पंधरा वर्षांचे असतांना भाद्रपदांत शेतावरच्या गोठ्यांत भुईवर निजले होते. पहांटे उठून पोट दुखतें म्हणाले. अजीर्ण झालें असेल म्हणून ओंवा दिला. थोड्या वेळानें पापण्या मिटूं लागल्या, जीभ जड झाली, आणि दुपारच्या आंत सारा खेळ आटोपला. चावल्याची खूण शोधूनहि नीट सांपडली नाहीं. त्या घटनेस सत्तर वर्षें होऊन गेलीं तरी मातोश्री आजहि कोणास भुईवर निजूं देत नाहींत.

आम्हीं त्या दिवशीं विषय वाढविला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं निवडण-टिपण चाललें असतां मातोश्रीच म्हणाल्या, “त्याला बोलाव. माझ्या पांच अटी आहेत.” त्या अटी अशा: एकट्यानें जावयाचें नाहीं, रानांत किंवा वाटेल तेथें न राहतां कोणाच्या तरी जागेंत, त्याला विचारून राहावयाचें, मच्छरदाणीखेरीज निजावयाचें नाहीं आणि ती चारी बाजूंनीं अंथरुणाखालीं खोचलेली असली पाहिजे, रात्रीं नऊ वाजतां फोन करावयाचा, आणि हें सगळें करण्याआधीं एक रात्र याच अंगणांत, त्यांच्या डोळ्यांदेखत काढून दाखवावयाची. शेवटीं आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “आणि तूंहि त्याच्याबरोबर जा. सायकल विसरला नसशील.” साठीला टेकलेल्या मुलाला आईनें असें फर्माविलें म्हणजे गुडघ्यांची सबब चालत नाहीं.

सायकलीवर बिऱ्हाड घेऊन हिंडण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. लंडनमध्यें थॉमस हायरम होल्डिंग नांवाचे एक शिंपी होते. लहानपणीं १८५३ सालीं ते अमेरिकेच्या गवताळ मैदानांतून गाड्यांच्या तांड्याबरोबर गेले होते आणि तेव्हांपासून तंबूंतल्या राहणीचें त्यांस वेड लागलें. धंदा शिंप्याचा असल्यामुळें हलक्या कापडाचे तंबू ते स्वतःच बेतून शिवीत. आयर्लंडमधील कॉनेमारा प्रांतांत सायकलीवरून केलेल्या अशा प्रवासाचें त्यांचें पुस्तक १८९८ सालीं निघालें, आणि १९०१ सालीं सायकलीवरून तंबू घेऊन हिंडणाऱ्यांची पहिली संस्था त्यांच्या खटपटीनें निघाली. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर हिंडून १९२८ सालीं मुंबईस परतले. आणि हें केवळ पुरुषांचें काम असें कोणी समजूं नये. पुण्याच्या कु. वेदांगी कुलकर्णी हिनें २०१८ सालीं, विसाव्या वर्षीं, सुमारें २९,००० किलोमीटरची प्रदक्षिणा सायकलीवरून पुरी केली. त्या प्रवासांत कॅनडांत अस्वल पाठीस लागण्यापर्यंतचे प्रसंग तिच्यावर गुदरले. ही नांवें आम्हीं मातोश्रींस सांगितलीं. त्या म्हणाल्या, “त्यांच्याहि घरीं कोणी जागत बसलें असेल.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आतां साहित्याकडे वळूं. ताडपत्री हा शब्द ऐकून तो ताडाच्या पानावरून आला असावा असें वाटतें. वस्तुतः इंग्रजींतील ‘टारपॉलिन’ या शब्दास मराठीनें आपला पोषाख चढविलेला आहे. टार म्हणजे डांबर. जहाजावरील माल भिजूं नये म्हणून डांबर फासलेलें जाड कापड त्यावर पसरीत, तें हें. आज बाजारांत मिळणारी प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त व टिकाऊ असते, परंतु तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद तुकडा घेतला तरी वजनानें आणि घडीनें तो सायकलीवर जड वाटतो. त्याच मापाचें सिलिकॉनचा थर दिलेलें नायलॉनचें कापड अर्ध्या किलोच्या आसपास भरतें आणि त्याची घडी तांब्याएवढी होते. तें महाग असतें हें खरें. पहिल्या वर्षीं प्लास्टिकच्या ताडपत्रीवर भागवावें आणि हौस टिकली तरच पुढचा खर्च करावा, असा आमचा व्यवहारी सल्ला आहे.

तंबू सोडून ताडपत्रीच कां, असें कोणी विचारील. तंबूस एकच आकार असतो. ताडपत्री मात्र जागा पाहून कशीहि बांधतां येते. ऊन असेल तर उंच, पाऊस असेल तर ठेंगणी. तिच्याखालीं बसून स्वयंपाक करतां येतो, आणि एरवीं सामान बांधावयासहि तीच उपयोगी पडते. शिवाय तिच्या दोन बाजू मोकळ्या राहत असल्यामुळें श्वासाची वाफ आंत कोंडत नाहीं.

बरोबर आणखी काय असावें? आठ-दहा मीटरची एक बळकट दोरी, दोन-दोन मीटरचे सहा तुकडे, सहा खुंट्या, एका माणसाची मच्छरदाणी, खालीं घालावयास जाड प्लास्टिकचा तुकडा व त्यावर सतरंजी, पांघरूण, विजेरी, पंक्चरचें सामान व हवेचा पंप, एक पातेलें आणि लहानसा स्टोव्ह. पोहे, सातूचें पीठ, मेतकूट, गूळ व शेंगदाणे घेतले म्हणजे दोन दिवसांची चिंता नको. सारें ओझें बारा किलोंच्या आंत ठेवावें. तें मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंस सारखें वांटावें आणि जड वस्तु तळाशीं घालाव्या. नाहींतर चढावर सायकल मागें ओढते आणि उतारावर डुलते.

श्रावणांत अंगणांतील परीक्षेची रात्र ठरली. पुतण्यानें पुस्तकें वाचलीं होतीं, चित्रें पाहिलीं होतीं, आणि सारी सिद्धता जय्यत होती. दोन झाडांमध्यें दोरी ताणून त्यानें तीवर ताडपत्री पसरली, चारी कोपरे सारख्याच उंचीवर बांधले, आणि मांडवासारखें सुंदर छत तयार केलें. रात्रीं अकरा वाजतां भंडाऱ्याचा खरा पाऊस आला. घटकेंत छताच्या दोन्ही अंगांस घागरभर पाण्याचीं पोटें लोंबूं लागलीं. पुतण्यानें खालून हात लावून एक वर ढकललें तों दुसऱ्या बाजूची खुंटी चिखलांतून उपटली आणि सारें पाणी अंथरुणावर. शिवाय दोरीवरून ओघळत येणारी एक बारीक धार नेमकी उशीवर टपकत होती. ओसरीवर जमलेलीं मुलें हंसून लोळलीं. मातोश्री हंसल्या नाहींत, त्यांनीं टॉवेल फेंकला आणि म्हणाल्या, “पुन्हां बांध.”

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत निवळीच्या झाडाचा एक दृष्टांत आहे. तिचें फळ पाणी स्वच्छ करतें खरें, पण नुसतें तिचें नांव घेतल्यानें गढूळ पाणी निवळत नाहीं. ताडपत्रीचेंहि तसेंच आहे. त्या श्रावणांत आमच्या पुतण्यानें ती अंगणांत निदान दहा वेळां बांधली असेल, आणि त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांच्या उपयोगाचें आहे.

छत कधींहि सपाट बांधूं नये. मधली दोरी कमरेहून थोडी उंच, आणि दोन्ही कडा जमिनीपासून वीतभर, इतका उतार असावा. वारा ज्या अंगानें येतो तिकडची कड अगदीं जमिनीला टेंकवावी. खुंटी छतापासून बाहेरच्या बाजूस कलती ठोकावी म्हणजे ओढीनें उपटत नाहीं. भुई मऊ असेल तर तिच्यावर दगड ठेवावा. मधल्या दोरीस, छताच्या किंचित् बाहेर, एक चिंधी बांधून लोंबती सोडावी. दोरीवरून येणारें पाणी त्या चिंधीवरून खालीं उतरतें आणि आंत येत नाहीं. ताडपत्रीचें भोंक फाटलें तर त्या कोपऱ्यांत गुळगुळीत खडा घालून कापडासह त्याच्या मानेभोंवतीं दोरी आवळावी. ही पकड भोंकापेक्षांहि बळकट असते. गांठ सुरगांठच असावी. ओल्या दोरीची निरगांठ सोडतांना पहांटे नखें तुटतात. आणि झाडेंच नसतील तर दोन सायकली सीट व हँडलवर उलट्या उभ्या करून त्यांच्या चाकांस ताडपत्रीची एक कड बांधावी व दुसरी कड खुंट्यांनीं जमिनीस जखडावी. एका बाजूस उतरती अशी चांगली ओसरी तयार होते.

जागा निवडण्यांत सर्वांत अधिक शहाणपण लागतें. नाल्याच्या कोरड्या पात्रांत निजूं नये. पाऊस आपल्या डोक्यावर पडला नाहीं तरी वरच्या अंगास पडलेला पाऊस रात्रीं येऊन गांठतो. वाळलेल्या फांदीखालीं निजूं नये. वादळाचीं चिन्हें दिसतांच माळावरच्या एकट्या उंच झाडाखालून तर निघावेंच, पण ताडपत्रीचाहि भरंवसा धरूं नये. विजेपुढें पक्कें घर हाच आसरा. भंडारा जिल्हा तळ्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी लोकांनीं बांधलेलीं जुनीं तळीं गांवोगांव दिसतात आणि त्यांच्या कांठीं मुक्काम करण्याचा मोह होतो. परंतु रात्रीं जनावरें पाण्यावर येतात. त्यांची वाट अडवून आपण निजावें हें बरें नव्हे.

रानाविषयीं तर अधिकच स्पष्ट लिहिलें पाहिजे. नागझिरा आणि नवेगांव हीं नांवें मराठी वाचकांच्या घरांत पोंचविलीं तीं व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनीं, आणि तीं वाचून रानांत मुक्कामाची ओढ लागणें स्वाभाविक आहे. परंतु तें रान २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि भंडाऱ्याजवळचें कोका हेंहि त्याच वर्षापासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें अभयारण्यांत परवानगीवांचून शिरतां येत नाहीं, आणि राखीव जंगलांत विस्तव पेटविणें हा १९२७ च्या वनकायद्यानें गुन्हा आहे. हा निर्बंध जाचक वाटला तरी त्याचें कारण डोळ्यांसमोर असतें. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तेवढ्या ठिणगीनें डोंगरच्या डोंगर काळे पडतात. प्रवाशानें त्यांत आपली भर घालूं नये. झाड तोडूं नये, बांबू कापूं नये. कोणी परवानगीनें चूल पेटविलीच तर तींत बंद पेरांचा ओला बांबू घालूं नये, आंतील हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो. आणि जवाहरनगरच्या आसपास हिंडणाऱ्यांनीं कारखान्याच्या कुंपणापासून दूर राहावें, हें निराळें सांगावयास नकोच.

पाण्याविषयीं एक जुनी युक्ति सांगतों. वर उल्लेखिलेल्या निवळीचें बीं भांड्याच्या आंतल्या अंगास थोडें उगाळून त्यांत गढूळ पाणी भरून ठेवलें म्हणजे गाळ तळाशीं बसतो. परंतु गाळ बसणें निराळें आणि पाणी निर्दोष होणें निराळें. निवळलेलें पाणीहि खळखळून उकळल्याखेरीज पिऊं नये.

आतां मातोश्रींच्या त्या एका शब्दाकडे येतों. आम्हीं या निमित्तानें जाणत्या डॉक्टरांस विचारलें आणि जें समजलें त्यानें आम्ही थोडे खजील झालों. मण्यार हा काळपट रंगाचा, अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेला सर्प रात्रीं हिंडतो. भुईवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत तो शिरतो आणि झोंपेंत हातपाय हलला म्हणजे चावतो. त्याचे दांत लहान. वेदना नाहींच म्हटलें तरी चालेल, सूजहि येत नाहीं. मग कांहीं वेळानें पोटदुखी, पापण्या जड होणें, बोलणें अडखळणें आणि शेवटीं श्वास बंद पडणें, हा त्याचा क्रम. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीं त्या घरांत जें घडलें तें तंतोतंत हेंच. आणि त्यावरचा प्रतिबंधक उपाय कोणता, तर उंच बाजेवर निजणें, आणि तें शक्य नसेल तर नीट खोचलेली मच्छरदाणी. मातोश्रींची अट आम्हीं म्हातारपणाची भीति समजलों होतों; ती शास्त्राची आज्ञा निघाली.

वाचकांनीं एवढें लक्षांत ठेवावें. उघड्यावर निजून उठलेल्या माणसास पहांटे अकारण पोट दुखूं लागलें किंवा पापण्या उघडेनाशा झाल्या, तर चावल्याची खूण शोधीत वेळ घालवूं नये. जखम कापूं नये, चोखूं नये, आवळून दोरी बांधूं नये, मंत्रतंत्राच्या नादीं लागूं नये. रोग्यास धीर द्यावा, चालूं देऊं नये, चावलेला भाग हलूं देऊं नये, आणि तडक रुग्णालय गांठावें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारहि सर्पांच्या विषावर चालणारी एकच लस असते, आणि श्वास मंदावला तर कृत्रिम श्वासोच्छ्वासानें माणूस वांचवितां येतो. म्हणून मुक्कामाच्या गांवापासून जवळचें सरकारी रुग्णालय कोठें आहे हें निजण्यापूर्वींच विचारून ठेवावें. उष्टें-खरकटें अंथरुणाजवळ ठेवूं नये. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. रात्रीं उठतांना विजेरी लावूनच पाय खालीं ठेवावा आणि सकाळीं बूट झटकूनच घालावे.

२०२५ च्या नोव्हेंबरांत, कार्तिक वद्य पक्षांत, आम्ही तिघे निघालों. पुतण्या, त्याचा एक मित्र आणि आम्ही. मुक्काम आंभोऱ्याच्या बाजूस करावयाचा होता. वैनगंगा आणि कन्हान यांचा तेथें संगम आहे. पांच नद्यांचा संगम म्हणून लोक तें स्थान मानतात. मुकुंदराजांनीं शके १११० मध्यें ‘विवेकसिंधु’ येथेंच रचिला अशी परंपरा आहे. आतां तेथें नदीवर मोठा पूल झाला आहे आणि गोसीखुर्दच्या धरणाचें पाणी मागें तेथपर्यंत पसरलेलें दिसतें.

वाटेवर धानाची कापणी उरकत आली होती. चढावर आमची सायकल हातानें ढकलावी लागली हें येथें प्रांजळपणें नमूद करतों. दुपार कलतां अलीकडच्या एका गांवांत थांबलों आणि एका शेतकऱ्याच्या दाराशीं जाऊन, त्यांच्या खळ्याच्या कडेला रात्रीपुरतें निजूं द्याल काय, असें विचारलें. ते म्हणाले, “भाऊ, घर असतांना बाहेर कशाला? ओसरीवर निजा.” आम्हीं हेतु सांगितला. त्यांनीं पुतण्याकडे थोडा वेळ पाहिलें. तो जवाहरनगरच्या कारखान्यांत आहे हें कळल्यावर त्यांनीं पुढें कांहींच विचारलें नाहीं. खळ्याची एक कड स्वतः झाडून दिली आणि रात्रीसाठीं पाण्याची घागर आणून ठेवली.

ताडपत्री दहा मिनिटांत बांधून झाली. चुलीऐवजीं स्टोव्हवर पिठलें-भात केला. तांदूळ यजमानांच्याच शेतचा होता. नऊ वाजतां फोन केला. मातोश्रींनीं विचारलें, “खोचली?” पुतण्या म्हणाला, “खोचली, आजी.” “चारी बाजूंनीं?” “चारी बाजूंनीं.” एवढेंच संभाषण. थंडी पडूं लागली होती. आम्हीं विजेरी घेऊन तिन्ही मच्छरदाण्यांच्या कडा पुन्हां एकवार तपासल्या. मध्यरात्रीं आम्हांस जाग आली तेव्हां ताडपत्रीच्या मोकळ्या बाजूनें आभाळ दिसत होतें, आणि दहा महिने ज्याला झोंप नव्हती तो मुलगा घोरत होता. आम्ही मात्र पहांटेपर्यंत कान देऊन पडून राहिलों. ओसरीवर वाट पाहत बसणें म्हणजे काय, तें आम्हांस त्या रात्रीं प्रथम कळलें.

सकाळीं ताडपत्रीच्या आंतल्या अंगास दंवाचे थेंब होते. ते पुसून घडी केली, खळें होतें तसें केलें, यजमानांचा निरोप घेतला, आंभोऱ्यास संगमावर स्नान केलें आणि दिवेलागणीस घरीं परतलों.

घरीं वहिनींनीं एक गोष्ट हळूच सांगितली. आदल्या रात्रीं फोन झाल्यावर मातोश्रींनीं आपल्या पलंगाची मच्छरदाणी सोडविली, सत्तर वर्षांत प्रथमच ओसरीच्या फरशीवर अंथरूण घातलें, दोरी बांधून मच्छरदाणी टांगली आणि तिच्या कडा चटईखालीं खोचून पाहिल्या. भुईवर चारी बाजूंनीं ती खरोखर खोचतां येते कीं नाहीं, हें त्यांना स्वतः पाहावयाचें होतें. मग त्या तेथेंच निजल्या. वहिनींनीं पलंगावर चलण्याचा आग्रह केला तेव्हां म्हणाल्या, “आज असूं दे. तोहि भुईवरच आहे.”

पुतण्या आतां माघांत पवनीकडे जाण्याचें म्हणतो आहे. पांच अटी कायम आहेत. आमच्या सोबतीची सहावी अट मात्र मातोश्रींनीं आमचे गुडघे पाहून रद्द केली आहे. ज्या घरांत असा प्रश्न उभा असेल तेथील वडीलधाऱ्यांनीं ‘हो’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं आपल्या अटी मोजून मांडाव्या, आणि मुलांनीं त्या हंसण्यावारी न नेतां आधीं अंगणांत एक पावसाळी रात्र काढून दाखवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

पुढील अंकीं लांबच्या प्रवासांत सायकलीची निगा आणि रस्त्यांत करावयाची किरकोळ दुरुस्ती यांविषयीं लिहूं.